चार राज्यांत राहिलेली आजी : मुलांना घेऊन गावाचा मौखिक इतिहास कसा नोंदवावा

१९४६ साली भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात जन्मलेली आजी डोळ्यांसमोर आणा. ती जन्मली तेव्हा तिचं गाव 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या प्रांतात होतं. ती चार वर्षांची झाली आणि प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी मात्र नागपूरच राहिली. ती दहा वर्षांची असताना, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. चौदाव्या वर्षी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला. एवढ्या काळात आजी फार तर लग्न होऊन शेजारच्या गावी गेली असेल.

नववीच्या वर्गात मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, मंग आमच्या आजीले हे माहीत असन का?" म्हटलं, विचारून ये. दुसऱ्या दिवशी तिनं वहीत उत्तर लिहून आणलं : "आजी म्हणते, राज्याचं मले काई मालूम नाई बापू. पण नवे पैसे आले तवा बजारात लय भांडणं होत, ते मालूम आहे."

दशमान नाणी सुरू झाली १ एप्रिल १९५७ ला. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. तो पाव पैसा कोणी सोडायचा यावर भाजीवालीत आणि गिऱ्हाइकात वाद होणारच. दिल्लीत झालेला कायदा आमच्या गावात आठवडी बाजाराच्या वाटेनं आला होता आणि आजीनं तो तिथं पाहिला होता. तेव्हापासून मुलांना मी हेच सांगतो : राज्याचा आणि देशाचा इतिहास आपल्या गावात कोणत्या वाटेनं आला, ते विचारायला जायचं आहे. पुस्तकात आहे तेच आजीच्या तोंडून वदवून घ्यायला जायचं नाही.

मी आधी दारव्ह्याकडे शिकवलं, नंतर लाखांदूरकडे. एक वऱ्हाड, म्हणजे पश्चिम विदर्भाचा कापूसपट्टा; दुसरी झाडी, म्हणजे पूर्व विदर्भाचा धानाचा, तलावांचा भाग. दोन्हीकडे आठवी ते दहावीच्या मुलांसोबत हे काम केलं. ज्यांनी कधीच केलेलं नाही त्या शिक्षकांना आणि मुलांना सुरुवात कशी करायची ते सांगतो.

आधी विषय लहान करा

"आमच्या गावाचा इतिहास" हा विषय घेऊ नका. तो घेतला की प्रत्येक म्हातारा माणूस गाव कोणी वसवलं, मारोतीचं देऊळ कोणी बांधलं इथून सुरू करतो आणि मुलांच्या वहीत दहा ठिकाणची तीच चार वाक्यं येतात. एका हंगामात एकच वस्तू, एकच जागा किंवा एकच वर्ष घ्या.

वऱ्हाडाच्या कापूसपट्ट्यात असाल तर गावाजवळचं जुनं जिन (कापसातून सरकी काढायचा कारखाना), कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रापुढच्या बंड्यांच्या रांगा आणि चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची, वाट पाहणं हा विषय हाताशी आहे. सगळा कापूस सरकारनंच विकत घ्यायचा ही योजना १९७२ साली सुरू झाली. तेव्हा पंचवीस-तिशीत असलेली माणसं अजून ओसरीवर बसलेली दिसतात. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या मार्गाच्या आसपास राहत असाल तर शकुंतला आहे. कापसासाठी टाकलेली ही अरुंद रेल्वे इंग्रज कंपनीच्या मालकीची होती आणि १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. त्या गाडीनं शाळेत गेलेली, माहेरी गेलेली, भाजी विकायला गेलेली माणसं गावोगाव सापडतात.

झाडीकडे असाल तर तलाव घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले शेकडो जुने तलाव आज सरकारी कागदावर 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून नोंदले आहेत. गावकरी त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाचं तलाव बांधण्यातलं कसब प्रसिद्ध आहे. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची गावावरची मालकी, १९५१ साली गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आता मुलांचे प्रश्न बघा : त्याआधी तलावाच्या पाळीवर (बांधावर) दगड-माती टाकायला कोण जायचं? नाही गेलं तर काय व्हायचं? पाणी सोडायचा क्रम कोण ठरवायचं? मासे कोणाचे? सरकारजमा झाल्यावर यातलं काय थांबलं? या एका तलावातून जमीन, पाणी, जात, मजुरी, कायदा सगळं निघतं.

इथं एक खबरदारी. मालगुजारी होती ती नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागात. वर्धा नदीच्या पश्चिमेला वऱ्हाडात रयतवारी होती, तिथं शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. दारव्ह्याच्या म्हाताऱ्याला "तुमच्या गावचा मालगुजार कोण होता?" असं विचारणं म्हणजे त्याच्या गावाला दुसऱ्याच गावाचा इतिहास चिकटवणं. विदर्भ हा एकच प्रदेश आहे असं धरून प्रश्न तयार केले की अशी चूक होते. म्हणून पुढची पायरी.

भिंतीवर पट्टी लावा

चार कार्डशीट जोडून लांब पट्टी करा. मधोमध रेघ ओढा. रेघेच्या वर राज्याच्या आणि देशाच्या तारखा. रेघेखालची जागा कोरी ठेवा, ती गावाची.

वरच्या बाजूला आम्ही सहसा हे लिहितो : १६ ऑगस्ट १९४२, चिमूर आणि आष्टीचा इंग्रजांविरुद्धचा उठाव. १९५१, मालगुजारीचा शेवट. २८ सप्टेंबर १९५३, विदर्भानं मराठी राज्यात येण्याबद्दलचा नागपूर करार. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची धम्मदीक्षा, आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला. १ नोव्हेंबर १९५६, मुंबई राज्य. १९५७, नवे पैसे. १ मे १९६०. १९६२, चीनचं युद्ध आणि जिल्हा परिषदा. १९७१, बांगलादेशाचं युद्ध. १९७२, दुष्काळ. १९७५ ते ७७, आणीबाणी. १९७९, स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक पडणार म्हणून उडालेली घाबरगुंडी. २६ ऑगस्ट १९८२, चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा. वाशीम १९९८, गोंदिया १९९९.

आता प्रत्येक तारखेसमोर मुलांना एक गणित करायला लावा : त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज किती वर्षांचं असेल? हे गणित फार उपयोगाचं आहे. १९४२ पाहिलेली माणसं आता जवळजवळ उरली नाहीत, तेव्हा चिमूरबद्दल मिळेल ते "आमचा बाप सांगे" असंच मिळेल. त्यालाही मोल आहे, पण ते ऐकीव म्हणून नोंदवायचं. १९५६ पाहिलेली माणसं अजून आहेत आणि दर वर्षी कमी होत आहेत. म्हणून मला विचाराल तर या वर्षी १९५६ घ्या. १९७२ ला अजून थोडा वेळ आहे.

पट्टी करताना एक गोष्ट लक्षात येते. गावातली माणसं तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. आष्टी-चिमूरचा दिवस 'नागपंचमी' म्हणून लक्षात राहिला आणि दीक्षेचा दिवस 'दसरा' म्हणून. तेव्हा "कोणत्या साली?" या प्रश्नाला "मले काय मालूम" असंच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा : पोळ्याच्या आधी की नंतर? अखजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी, बदलला त्या वर्षी का? तुमचं लग्न झालं होतं? मोठा मुलगा झाला होता? गावात लाईट आली होती? अशा तीन-चार खुणा मिळाल्या की पट्टीवर दोन-तीन वर्षांच्या आत जागा सापडते.

आणि वरची प्रत्येक तारीख खाली उमटेलच असं नाही. १९७२ च्या दुष्काळाचा मोठा तडाखा मराठवाड्याला आणि पश्चिम महाराष्ट्राला बसला. झाडीतल्या एका बाईला मुलांनी पुन्हा पुन्हा बहात्तर विचारलं, पण तिच्या मनातली वाईट साल वेगळीच होती, ज्या वर्षी धान गर्भात असताना पाणी गेलं ती. मुलं हिरमुसून परत आली. मी त्यांना सांगितलं की तुम्हाला मिळालं ते जास्त मोलाचं आहे, रेघेखाली तेच लिहा.

कोणाकडे जायचं

यादी मुलांनीच करावी, पण शिक्षकानं ती तपासावी. पहिली यादी नेहमी सारखीच येते : माजी सरपंच, पाटील, निवृत्त गुरुजी, भजनी मंडळातले दोघं. सगळे पुरुष, आणि बहुतेक गावाच्या मधल्या घरांतले. यांना सवय असते बोलायची, आणि त्यांची गोष्ट गावानं शंभरदा ऐकलेली असते.

यादीपुढे गावाचा नकाशा ठेवा आणि विचारा की कोणत्या मोहल्ल्यातलं एकही नाव नाही? बंजाऱ्यांचा तांडा आहे का जवळ, कोलामांचा पोड आहे का, टोली (लहान वस्ती) आहे का? सालदार म्हणून राबलेलं कोण आहे? सुईणपण करणारी कोण होती? कोतवाल कोण होता? तलावाबद्दल विचारायचं तर ढिवर (मासेमार) मोहल्ल्याला वगळून चालणार नाही. घरी गोंडी, कोलामी, कोरकू किंवा बंजारा बोलणारं मूल वर्गात असेल तर त्या घरी तेच मूल प्रश्न विचारेल, बाकीचे मदतीला. मराठीत जे दोन वाक्यांत आटोपतं ते स्वतःच्या बोलीत अर्धा तास चालतं, हे मी पाहिलं आहे. अशा वेळी मूळ बोलीतलंच ध्वनिमुद्रण ठेवा, मराठी अर्थ नंतर शेजारी लिहा.

बायकांशी बोलायचं तर वेळ वेगळी काढा. नवरा किंवा मुलगा शेजारी बसला की तोच उत्तर देतो, "तिले काय मालूम" म्हणतो, आणि ती गप्प होते. मुलींची जोडी दुपारी जेवणं झाल्यावर पाठवा. आणि आठवण थेट निघत नसेल तर गाणं विचारा. भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या यांत माहेर-सासर, सावकार, तुरुंगात गेलेला भाऊ असं बरंच काही असतं. पुरुषांना पोळ्याच्या झडत्या, म्हणजे त्या दिवशी म्हणायची यमकबद्ध कवनं, विचारा. त्यांत महागाई, सावकार, पुढारी सगळे येतात आणि म्हातारी माणसं त्या मोठ्या हौसेनं म्हणतात.

हंगाम पाहूनच जा. झाडीत रोवणीच्या दिवसांत किंवा कापणी-मळणीत कोणाला वेळ नसतो. वऱ्हाडात वेचणी सुरू असेतो जाऊ नका, उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी आटोपली, की माणसं मोकळी होतात. गडचिरोलीकडे मोहफुलाचे आणि तेंदूपत्त्याचे दिवस सोडा. संक्रांत ते होळी हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. पुढे ऊन इतकं चढतं की ऐंशीच्या माणसाला तासभर बसवणं योग्य नाही.

पहिली भेट मोबाईलशिवाय

पहिल्या दिवशी नुसतं जाऊन बसायचं. आपण कोणाची पोरं, कोणत्या वर्गात, काय करतो आहोत ते सांगायचं. "आजी, आमाले तलावाचं शिकाचं आहे, तुमी सांगसान का?" इतकं पुरे. बहुतेक वेळा उत्तर येतं, "मी तं अडाणी, मले काय इचारता, गुरुजीले इचारा." याला घाईनं "नाही नाही, तुम्हीच" असं म्हणू नका. एक छोटा, हाताला लागणारा प्रश्न विचारा : लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून भरत होतात? हा प्रश्न मी कित्येक वर्षं वापरतो आहे. उत्तर सगळ्यांकडे असतं.

पण तो साधा प्रश्न नाही, हेही मुलांना आधी सांगून ठेवा. कोणती विहीर कोणाची, कोणाला वरून पाणी वाढलं जाई, कोण वाट पाहत उभं राही हे त्या उत्तरात येतं. ऐकणाऱ्या मुलांपैकी एकाचं घर वाढणाऱ्यांचं असतं आणि दुसऱ्याचं उभं राहणाऱ्यांचं. जोड्या मुद्दाम मिसळून करा, पण जाण्याआधी वर्गात यावर बोला. जात स्वतःहून विचारायची नाही. सांगणारा सांगेल तेवढं, त्याच्या शब्दांत लिहायचं. आणि ऐकताना मान खाली घालायची नाही, वादही घालायचा नाही.

याच भेटीत परवानगी घ्या. साध्या मराठीत अर्धं पान : आम्ही तुमचं बोलणं मोबाईलमध्ये घेणार, ते शाळेत राहणार, अमुक ठिकाणी वाचून दाखवणार, तुम्हाला नको असेल तो भाग काढून टाकू, आणि नंतर कधीही नको वाटलं तर सगळं परत देऊ. हे मोठ्यानं वाचून दाखवा. सही किंवा अंगठा घ्या, आणि मुलाखतीच्या सुरुवातीला हीच संमती त्यांच्या तोंडूनही नोंदवा. मुलांच्या पालकांचीही परवानगी हवी, कारण मुलं शाळेच्या वेळेबाहेर दुसऱ्याच्या घरी जाणार आहेत.

काही विषय मुलांनी उघडायचे नाहीत. घरात कोणी आत्महत्या केली असेल तर ते दार आपण वाजवायचं नाही. १९९१ च्या मोवाडच्या पुरात किंवा १९९४ च्या नागपूरच्या गोवारी मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याकडे मुलांना प्रश्नावली घेऊन पाठवू नका. त्यांना सांगावंसं वाटलं तर मोठ्या माणसानं, एकट्यानं, सवडीनं ऐकावं. धुऱ्याचं (शेताच्या बांधाचं) भांडण, वाटणी, कोणी कोणाची जमीन कशी घेतली हे बोलता बोलता निघतंच. ते नोंदीत राहू द्या, पण वाचून दाखवू नका. गाव लहान असतं आणि सांगणाऱ्याला तिथंच राहायचं असतं.

प्रश्न

दहापेक्षा जास्त लिहू नका. "हो" किंवा "नाही" असं उत्तर येईल तो प्रश्न खोडा. "तेव्हा खूप गरिबी होती ना?" हा प्रश्नही खोडा, कारण त्यात उत्तर आपणच दिलं आहे. "पूर्वी जीवन कसं होतं?" इतका मोठा प्रश्न कोणालाच उचलत नाही.

१९५६ चा दसरा हा विषय घेतला तेव्हा मुलांनी आधी लिहिलं होतं : "धम्मदीक्षेबद्दल तुमचं मत काय?" ते काढून आम्ही असे प्रश्न केले. तुमच्या गावातून नागपूरला कोण कोण गेलं? बातमी कशी कळली, कोणी आणली? बंडीनं, पायी की रेल्वेनं? किती दिवस लागले? शिदोरीत काय होतं? पांढरे कपडे कुठून आणले? रात्री कुठं झोपले? गावात परत आल्यावर पहिला बदल घरात काय झाला? तुम्ही गेला नसाल तर घरी राहून काय पाहिलं?

एका आजोबांनी शेवटच्या दोन प्रश्नांवरच पाऊण तास सांगितलं. ते तेव्हा लहान होते, त्यांना नेलं नव्हतं. परत आलेल्या वडिलांनी देव्हाऱ्यातलं काय काय उचललं, आई दाराशी काय म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी गावकीचं काम करायला बोलावणं आलं तेव्हा काय झालं, हे सगळं. त्यानंतर मुलानं विचारलं, "आणि आबा, त्याच्यानंतर अठरा दिवसांनी आपण मुंबई राज्यात गेलो, ते आठवतं का?" आबा म्हणाले, "ते कवा झालं?" पट्टीच्या वरच्या बाजूला या दोन तारखा एकमेकींना चिकटून आहेत. खालच्या बाजूला एकीसमोर जागा पुरली नाही आणि दुसरीसमोर काहीच नाही. मुलांनी तो कोरा भाग तसाच ठेवला आणि खाली लिहिलं, "विचारलं, आठवत नाही." ही नोंदसुद्धा करायचीच.

मुलाखतीचा दिवस

तिघांचा गट करा. एक विचारणार, एक मोबाईल सांभाळणार, एक वहीत लिहिणार. लिहिणाऱ्यानं सगळं लिहायचं नाही. माणसांची, शेतांची, गावांची नावं, अनोळखी शब्द आणि हातवारे एवढंच. "एवढं मोठं मडकं" म्हणून आजी हात दाखवते ते आवाजात येत नाही.

मोबाईल पूर्ण चार्ज करून न्या, एअरप्लेन मोडवर टाका, एक मिनिट नोंदवून ऐकून बघा. सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या दुपट्ट्यावर ठेवा. थेट खाटेवर किंवा टेबलावर ठेवला तर हात लागला की धपधप नोंदली जाते. पंखा, कूलर, टीव्ही आणि शेजारची पिठाची चक्की हे चार शत्रू. अंगणापेक्षा ओसरी किंवा छपरी बरी. एमपीथ्रीमध्ये एका तासाला साधारण ५५ ते ६० एमबी लागतात, तेव्हा जागा आधी मोकळी करा.

सुरुवातीला एकानं मोठ्यानं म्हणायचं : आजची तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव, विचारणाऱ्यांची नावं, विषय. मग मोबाईलकडे पाहायचं नाही, माणसाकडे पाहायचं.

सगळ्यात अवघड गोष्ट आहे गप्प बसणं. म्हातारं माणूस थांबलं की मुलं लगेच पुढचा प्रश्न टाकतात. वर्गात याचा सराव करा : जोडीदार बोलून थांबला की मनात दहा आकडे मोजायचे. बहुतेक वेळा सात-आठला तो पुन्हा बोलू लागतो आणि जे सांगायचं होतं ते तेव्हा येतं. मध्येच कोणी रडलं तर मोबाईल बंद करून पाणी द्यायचं आणि विचारायचं, "थांबू का?" ठरवायचं त्यांनी. एका बैठकीत पाऊण तास पुरे. चहा दिला तर घ्यायचा, प्रत्येक घरी, कोणतंही घर असो. याला अपवाद नाही.

त्याच रात्री

फाईलला नाव द्या : तारीख, गाव, विषय, सांगणाऱ्याचं आडनाव, क्रमांक. तीन ठिकाणी ठेवा : शाळेच्या संगणकावर, पेन ड्राइव्हवर आणि शिक्षकाच्या ऑनलाइन खात्यात. मोबाईलमधली शेवटी पुसा.

हे मी इतक्या आग्रहानं का सांगतो? पहिल्या वर्षी आमच्या फाईलींची नावं मोबाईलनं दिली तीच होती, नुसते आकडे. एक आजोबा दोन वर्षांनी वारले. तेरवीच्या आदल्या दिवशी त्यांचा नातू शाळेत आला आणि म्हणाला, "सर, आबाचा आवाज आहे ना तुमच्यापाशी?" मी आणि दोन मुलं संध्याकाळपर्यंत एकेक फाईल उघडून ऐकत बसलो. सापडली, पण अर्धीच. उरलेली कोणाच्या तरी जुन्या मोबाईलसोबत गेली होती.

कागदावर उतरवणं

एका तासाचं बोलणं लिहून काढायला नवख्या मुलांना पाच-सहा तास लागतात, जास्तही. म्हणून सगळं लिहायला लावू नका. आधी पूर्ण ऐकून कोणत्या मिनिटाला काय आहे त्याची यादी करा, मग सगळ्यात भरीव वीस मिनिटं शब्दशः लिहा.

शब्दशः म्हणजे खरंच शब्दशः. आजी "काहून" म्हणाली तर "का" लिहायचं नाही. "मले", "तुमाले", "तवा", "पोट्टे" जसे आले तसे. मुलं हे सुधारतात, कारण शाळेनं त्यांना तसंच शिकवलं आहे, आणि हा दोष आमचा आहे. मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहून मोठ्यानं वाचून दाखवतो. प्रमाण मराठीतलं वाक्य वाचल्यावर त्या घरातलं मूल स्वतःच म्हणतं, "आमची आजी अशी नाई बोलत." शेतीची, मापांची, भांड्यांची नावं वेगळ्या पानावर काढा. पायली, कुडव, खंडी म्हणजे त्या गावात नेमकं किती, तेही तिथंच. तलावाच्या सांडव्याला, पाणी सोडायच्या जागेला, पाळीच्या भागांना प्रत्येक भागात वेगळे शब्द आहेत. ते आज लिहिले नाहीत तर जातील.

प्रत्येक वाक्यासमोर समासात एक अक्षर : 'पा' म्हणजे स्वतः पाहिलेलं, 'ऐ' म्हणजे ऐकलेलं, 'म' म्हणजे मत. हे करताना मुलांचे वाद होतात आणि ते होऊ द्या. "मालगुजार चांगला होता" हे मत. "मालगुजारानं बापाला दोन पायल्या धान दिलं" हे ऐकीव. "मी त्याच्या वाड्यात शेण टाकायला जायची" हे पाहिलेलं, केलेलं. मुलं इतिहास शिकतात ती या समासात.

पडताळा

आठवण चुकते. कागदही चुकतो. दोन्ही शेजारी ठेवायचे.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जुनी नावं आणि तारखा आहेत. मुख्याध्यापकांच्या परवानगीनं, शिक्षकानं स्वतः पाहावं, कारण त्यात इतरांचीही माहिती असते. तिथं गंमत दिसेल की गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जुलैचा. दाखल करताना गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली ती तारीख आहे. सही-शिक्का असलेला कागदसुद्धा कोणीतरी, काहीतरी विचारूनच लिहिलेला असतो, हे मुलांना यातून समजतं.

तहसील कार्यालयात जुनं कोतवाल बुक मिळू शकतं, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. पूर्व विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज विचारा. जळाऊ लाकूड, गुरचराई, स्मशान, तलावाचं पाणी यांवर गावाचे कोणते हक्क आणि रिवाज होते ते त्यात लिहिलेलं असतं. तलावाचा विषय घेतला असेल तर आजीचं सांगणं आणि हा कागद एकत्र वाचण्यासारखा दुसरा धडा नाही. जिल्हा गॅझेटिअर जिल्हा ग्रंथालयात असतं. मोठ्या मुलांना नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारापर्यंत नेता आलं तर न्या.

दोन माणसांचं सांगणं जुळलं नाही तर एकाला खोटं ठरवू नका. आमच्याकडे तलाव फुटल्याची साल दोघांनी वेगवेगळी सांगितली. पुन्हा विचारल्यावर कळलं की तलाव दोनदा फुटला होता. वरच्या अंगाला शेत असलेल्याला एक वेळ आठवत होती आणि खालच्या अंगाला असलेल्याला दुसरी.

परत द्यायला जा

हे शेवटचं काम बहुतेक ठिकाणी राहून जातं. परीक्षा येते, प्रकल्पाला गुण मिळतात, वह्या कपाटात जातात. तसं होऊ देऊ नका. लिहून काढलेली पानं त्याच घरी, त्याच ओसरीवर वाचून दाखवा. नको असेल तो भाग त्यांच्यासमोर खोडा. एक स्वच्छ प्रत मोठ्या अक्षरात त्यांच्या घरी ठेवा आणि आवाजाची फाईल घरातल्या कोणाच्या मोबाईलमध्ये टाकून द्या. मगच १ मे ला किंवा ग्रामसभेत पट्टी लावा, आणि ज्यांनी सांगितलं त्यांना पुढच्या रांगेत बसवा.

वाचून दाखवायला जाताना कोरी वही आणि चार्ज केलेला मोबाईल सोबत ठेवा. वाचन ऐकायला शेजारपाजारचे जमतात. अर्ध्यातच कोणीतरी म्हणतं, "तसं नोयतं ते. पाळ फुटली तवा मी तेथीच होतो." त्यांना बसायला जागा करून द्या, नाव विचारा, तारीख लिहा, आणि मोबाईल पुन्हा एअरप्लेन मोडवर टाका.